मीठ टाकलेली वाट: एका अंगणातल्या तणाचं प्रकरण

मला बोलावणं आलं ते गुलाबांसाठी. तणाचा विषयच नव्हता. काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, पाचातल्या तीन गुलाबांची पानं कडेने जळल्यासारखी झालीत. पाणी वेळेवर देते, कीड कुठे दिसत नाही. एकदा येऊन बघ."

घरगुती बागा बघायचं काम मी बरीच वर्षं करते. पानाची कड आधी करपली आणि मधला भाग हिरवा राहिला, की माझं पहिलं लक्ष मुळांपाशी साठलेल्या क्षाराकडे जातं. म्हणून मी गेले ती थेट वाकूनच बघायला. फाटकापासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट होती, साधारण १२ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद. वाटेच्या एका अंगाला फुलझाडांचा वाफा, दुसऱ्या अंगाला ओळीने गुलाब. ब्लॉकच्या दरजांमध्ये पांढरी भुकटी बसली होती आणि त्याच दरजांमधून वीतभर उंचीचा, गर्द हिरवा, तुकतुकीत लव्हाळा उभा होता.

मी काकांना विचारलं, "काका, यावर काही टाकलंत का?"

काकांनी सगळं नीट सांगितलं. व्हिनेगर, त्यात दोन मुठी मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडची एक धार, असं मिश्रण त्यांनी उन्हाळ्यात तीनदा फवारलं होतं. "दुसऱ्या दिवशी सगळं तपकिरी पडायचं. इतकं स्वच्छ वाटायचं! पण पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे." तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी थेट दरजांमध्ये कोरडं मीठ भरून वरून पाणी सोडलं. दुकानातलं तणनाशक आणायचं नाही, कारण नातवंडं अंगणात अनवाणी खेळतात, हा त्यांचा विचार होता. हेतू अगदी चांगला होता, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं. घरातली वस्तू म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मला दर दुसऱ्या बागेत भेटते.

आधी त्या पांढऱ्या भुकटीचा निकाल लावला. सिमेंटच्या ब्लॉकवर पांढरं आलं म्हणजे ते मीठच असेल असं नाही. सिमेंटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि वाळून पांढरा थर धरतो. तो पाण्यात विरघळत नाही, पण व्हिनेगरचा थेंब पडला की फसफसतो. मी चमचाभर भुकटी खरवडून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकली. ढवळल्यावर जवळजवळ सगळी दिसेनाशी झाली, तळाला फक्त माती राहिली. मीठच होतं ते.

आता त्या मिश्रणात कोण काय करत होतं ते बघू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. घरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असतं जेमतेम ४ ते ५ टक्के. ते ज्या पानाला लागतं त्या पानाच्या पेशी फोडतं. पेशीतलं पाणी निघून जातं आणि पान वाळतं. मुळापर्यंत ते पोचत नाही. साबणाचं काम एवढंच, की मेणचट पानावरून थेंब घरंगळू नये, पसरून बसावा. राहिलं मीठ. तेही पानातलं पाणी ओढून घेतं, म्हणून वाळणं अधिक झपाट्याने होतं आणि उपाय जालीम वाटतो. पण व्हिनेगर मातीत पडल्यावर सूक्ष्मजंतू त्याचा काही दिवसांत फडशा पाडतात. मिठाचा फडशा कोणी पाडत नाही. ते पाण्याबरोबर फक्त जागा बदलतं. मुळांभोवतीच्या पाण्यात मीठ वाढलं, की ओल असूनही झाडाला ती ओढून घेता येत नाही. शोषलं गेलेलं मीठ पानांच्या कडांपाशी साठतं आणि कड करपते. शिवाय त्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, माती घट्ट बसते, पाणी मुरेनासं होतं. खायच्या सोड्याने तण जातं असंही सांगतात, पण त्यातही सोडियमच आहे. मिठाऐवजी सोडा टाकल्याने मातीची सुटका होत नाही.

म्हणजे तीन फवारण्या आणि एक भरणी एवढं करून लव्हाळ्याची फक्त पानं वाळली होती, आणि ज्यांच्यासाठी वाट स्वच्छ ठेवायची त्या गुलाबांची मुळं खारट झाली होती. मीठ वाटेवरून गुलाबांकडेच का गेलं, हे मला त्या दिवशी उमगलं नाही. ते कळलं नंतरच्या भेटींत, आणि त्याच ओघात तणाचं मूळही सापडलं.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र ताबडतोब केली. पायरीखालच्या फळीवर व्हिनेगरच्या बाटलीला लागून ब्लीचची बाटली होती. काका म्हणाले, "पुढच्या वेळी दोन्ही एकत्र करून बघणार होतो." मी ती बाटली उचलून काकूंच्या हातात दिली आणि घरात वेगळ्या कपाटात ठेवायला सांगितलं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो डोळे आणि घसा जाळतो, आणि जास्त गेला तर फुप्फुसांना इजा करतो. वाकून, तोंड जमिनीजवळ नेऊन फवारणाऱ्या माणसाला तर तो थेट नाकात बसतो. बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात, इथे ती सवड मिळेलच असं नाही. कोणीतरी काकांना गाडीचं जुनं इंजिन ऑइल ओतायलाही सुचवलं होतं. तेही नको म्हटलं. ते मातीत वर्षानुवर्षं राहतं आणि खालच्या पाण्यापर्यंत जाऊ शकतं.

दुसऱ्या भेटीला मी दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर आणि खुरपं घेऊन गेले. लव्हाळ्याच्या सगळ्यात दाट पुंजक्याजवळचा एक ब्लॉक दोन्ही बाजूंनी हळूहळू उचकटून वर काढला. खालची वाळू स्वच्छ आणि पिवळसर होती. दरजेत मात्र वाळू उरलीच नव्हती. तिथे काळी, भुसभुशीत, पानांच्या चुऱ्याची माती होती, बोटाचं पेर बुडेल एवढी. त्या मातीतून एक दोऱ्यासारखं पांढरं खोड आडवं गेलं होतं, त्याच्या टोकाला हरभऱ्याएवढी काळसर गाठ, तिथून पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. एक गाठ नखाने फोडली तर आतून पांढरी निघाली आणि तो ओळखीचा नागरमोथ्याचा वास आला. काका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे मी आजवर फक्त केस कापत होतो."

अगदी तसंच. लव्हाळ्याचा जीव या गाठींत असतो. वरची पानं वाळली की गाठीवरचा झोपलेला डोळा फुटतो. एक गाठ संपली तर साखळीतली दुसरी जागी होते. १९७७ साली शास्त्रज्ञांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची क्रमवारी लावली, तेव्हा लव्हाळा पहिला आणि हराळी दुसरी आली होती. या वाटेवर दोन्ही हजर होती.

पण वाटेवर एवढीच दोन तणं नव्हती. मी खडूने ब्लॉकवर खुणा करत गेले. घोळ बरीच होती, बहुतेक रोपं कोवळी. आंबुशी सावलीच्या टोकाला. जमिनीला चिकटून पसरणारी दुधी अधूनमधून, जिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून काकांना हातमोजे घालायला लावले. मागच्या अंगणात फरशीच्या कडेला शेवाळ. हे सगळं काकांसाठी एकच होतं, "तण". माझ्या मते उपाय चुकायला सुरुवात होते ती इथे. बियांवर जगणारं, वर्षाच्या आत संपणारं तण आणि जमिनीत गाठी किंवा कांडी राखून ठेवणारं तण यांना एकाच बाटलीने उत्तर देता येत नाही.

मग काकांना पटावं म्हणून आम्ही वाटेचे चार पट्टे पाडले. काका निवृत्त माणूस, नोंदी ठेवायची हौस. त्यांनी वही घातली. पहिल्या पट्ट्यावर उकळतं पाणी. दुसऱ्यावर साधं व्हिनेगर आणि थोडा साबण, मीठ अजिबात नाही, आणि तेही फवाऱ्याने न मारता रंगाच्या ब्रशने फक्त पानांवर लावायचं. तिसऱ्यावर जुन्या सुरीने आणि खुरप्याने हाताने काढणं. चौथ्याला हात लावायचा नाही.

उकळत्या पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बिनखर्चाचा आणि मागे काही न ठेवणारा तोच एक उपाय मला खात्रीचा वाटतो, आणि तोच लोक घाईत बिघडवतात. पातेल्यातून भसकन ओतलं तर पाणी ब्लॉकवर पसरतं आणि दरजेत उतरेपर्यंत निवतं. बारीक तोटीची किटली हवी. गॅसवरून उतरवली की लगेच न्यायची, तोटी रोपाच्या अगदी बुडख्याशी धरायची आणि बारीक धार सोडायची. पान बघता बघता गडद, काचेसारखं पारदर्शक होतं आणि लोळागोळा होऊन पडतं. तसं झालं म्हणजे पेशी फुटल्या. नुसतं ओलं होऊन हिरवंच राहिलं असेल तर धार कमी पडली. एका किटलीत हातभर दरजा नीट होतात, त्याहून लांब ओढू नये. पायांत बंद बूट हवेत, चप्पल नको. चालायचं उलट, म्हणजे ओतलेल्या जागेवर पाय पडत नाही. मुलं आणि पाळीव प्राणी घरात. गुलाबांच्या मुळांजवळ हे करायचं नाही, कारण उकळत्या पाण्याला तण आणि गुलाब यातला फरक कळत नाही. आणि चकचकीत ग्लेझ्ड टाइल्स असतील तर त्या अचानक तापून तडकू शकतात.

तीन आठवड्यांनी वही बोलायला लागली. कोवळी घोळ आणि दुधी उकळत्या पाण्याने साफ गेली, परत आली नाही. व्हिनेगरनेही दोन-तीन पानांची रोपं मेली, मोठी मात्र पानं गाळून पुन्हा खोडातून फुटली. यात नवल नव्हतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २००२ साली व्हिनेगर तणांवर वापरून पाहिलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं, की ५ आणि १० टक्क्यांचं व्हिनेगर पहिल्या दोन आठवड्यांतली रोपं मारतं आणि मोठ्या झालेल्यांना त्याहून तीव्र लागतं. मग तीव्रच का आणू नये, असं काकांनी विचारलं. कारण ११ टक्क्यांच्या वर ॲसिटिक आम्ल कातडी भाजतं आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतं. २० टक्क्यांचं आम्ल "शेवटी व्हिनेगरच" म्हणून उघड्या हाताने वापरायची वस्तू नाही.

आंबुशी दोन्ही पट्ट्यांत वरून गेली आणि खालून परतली. हराळी तपकिरी पडली, दहा-बारा दिवसांत पेरापेरांतून फुटली. लव्हाळा उकळत्या पाण्याच्या पट्ट्यात सगळ्यात आधी वर आला. उष्णता मातीत फार खोल जातच नाही, गाठी त्याखाली निवांत असतात.

हाताने काढलेल्या पट्ट्यात एक वेगळाच धडा मिळाला. काकांनी उपटलेली घोळ वाटेच्या कडेलाच ठेवली होती. आठवड्याने ती तिथेच टवटवीत पडलेली, एका बाजूने मुळंही धरलेली. तिचं खोड इतकं मांसल असतं, की उपटल्यावरही आत साठवलेल्या पाण्यावर ती बी पिकवू शकते, आणि एक चांगलं वाढलेलं झाड हजारो बिया टाकतं. उपटलं की बादलीत, हा नियम तेव्हापासून झाला.

चौथा पट्टा, ज्याला हात लावला नव्हता, त्याने मला खरं कारण दाखवलं. त्यात नवी रोपं सगळीकडे उगवत नव्हती. वाफ्याकडच्या कडेला दाट, मध्ये विरळ, गुलाबांकडे पुन्हा थोडी. मी वाटेवर बादलीभर पाणी ओतलं आणि बघत उभी राहिले. पाणी वाफ्याच्या कडेकडून निघालं, दरजा दरजांतून नागमोडी वाहत गेलं आणि गुलाबांच्या आळ्यात जाऊन थांबलं.

वाटेला आडवा उतार होता. वरच्या अंगाच्या वाफ्यात वर्षानुवर्षं खत आणि माती टाकून तो ब्लॉकच्या पातळीच्या तीन बोटं वर आला होता. प्रत्येक पावसात, पाइपाने पाणी दिल्यावर दर वेळी, तिथली सुपीक माती बियांसकट वाटेवर उतरत होती आणि दरजांत अडकत होती. त्याच उताराने काकांचं मीठ खाली गुलाबांकडे जात होतं. तण खालून फोडून वर येतं अशी बहुतेकांची समजूत असते. दरजांमधलं बरंचसं तण वरून पडलेल्या बीचं असतं, आणि ते बी रुजायला वाळू पुरत नाही, माती लागते. आपण रोप मारत राहतो आणि त्याचा वाफा तसाच ठेवतो. ब्लॉकखाली कापड अंथरलं तरी वरून पडणाऱ्या बीला ते अडवत नाही, तेही यामुळेच.

काकूंनी इथे एक मोलाची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी वाट जोराच्या प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतली होती, तेव्हापासून तण वाढलं. वर्षं मोजली तर जुळत होतं. त्या झोताने दरजांतली वाळू उडाली आणि रिकाम्या खोबणीत माती येऊन बसली.

त्यानंतरचं काम औषधाचं नव्हतं, अंगमेहनतीचं होतं. वाफ्याच्या कडेची माती आम्ही उकरून ब्लॉकच्या पातळीच्या चार बोटं खाली नेली आणि काठाला विटांची आडवी ओळ बसवली. दरजा जुन्या सुरीने दोन-तीन सेंटिमीटर खोल उकरून काढल्या. ती खारट माती पोत्यात भरून बाहेर, बागेत कुठेही नाही. लव्हाळ्याच्या पाच पुंजक्यांखालचे ब्लॉक उचलून हाताला लागतील तेवढ्या गाठी वेचल्या. वाळूतून गाठी वेचणं सोपं, म्हणून ब्लॉकच्या वाटेचा हा एक फायदा. मग दोन दिवस कडक उन्हात सगळं वाळू दिलं आणि चाळलेली, कोरडी, जाडसर वाळू खराट्याने तिरकी ओढत दरजांत भरली. ओली वाळू वरच अडकते, आत उतरत नाही. आठवड्याने ती खाली बसली, तेव्हा पुन्हा भरली.

राहिलेल्या लव्हाळ्यासाठी काकांना एकच नियम दिला. कोंब दिसला की पाचवं पान यायच्या आत खुरप्याने खालून छाटायचा. पाच-सहा पानांपर्यंत तो गाठीतली शिदोरी खातो, त्यानंतर कमवायला लागतो आणि नव्या गाठी धरतो. दर वेळी कमवायच्या आधी छाटला तर गाठ हळूहळू रिकामी होते. यात चिकाटी लागते आणि एका हंगामात हे संपत नाही, तसं स्पष्ट सांगितलं.

गुलाबांसाठी वरची दोन बोटं माती काढून टाकली. खाली पाण्याचा निचरा चांगला होता, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बराच वेळ मंद धारेने साधं पाणी सोडून मीठ मुळांच्या खाली ढकललं. निचरा नसता तर हे करून उपयोग नव्हता, उलट मुळं कुजली असती. सगळ्यात खालच्या कोपऱ्यातली दोन झाडं गेली. तिथेच पाणी येऊन थांबत होतं. तिसऱ्याला बुंध्यातून लालसर फूट आली, तेव्हा काकूंनी मला फोन करून सांगितलं.

मागच्या अंगणाचं मात्र मला वाईट वाटतं. तिथली फरशी चुनखडीची, हाताने गुळगुळीत केलेली. काकांनी शेवाळावर तेच मिश्रण मारलं होतं आणि फरशीवर फिकट, खरखरीत वर्तुळं उठली होती. ते डाग नव्हेत, म्हणून धुऊन जात नाहीत. आम्ल चुनखडीला खातं. उरलेल्या एका तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून मी काकांना दाखवला. बारीक बुडबुडे आले, पुसल्यावर तिथली चमक गेलेली. संगमरवरावर हेच होतं, आणि सिमेंटच्या दरजाही अशाच पोखरल्या जातात. ती फरशी घासून पुन्हा गुळगुळीत करून घेणं एवढाच मार्ग आहे. शेवाळाला मुळं नसतात. ताठ ब्रशने कोरडं घासलं की ते निघतं. वरची झुकलेली फांदी छाटून ऊन आत आल्यावर ते फारसं परतलं नाही.

वर्षभराने मी पुन्हा गेले. काकांच्या वहीत आता दर आठवड्याला एक ओळ असते, बहुतेक वेळा "किटली एक, खुरपं दहा मिनिटं" एवढीच. वाट स्वच्छ आहे, अधूनमधून घोळीची दोन पानं डोकावतात आणि उकळत्या पाण्याखाली जातात. लव्हाळा दोन ठिकाणी अजून आहे. एक पुंजका पायरीच्या दगडाखाली गेलाय, जो उचलता येत नाही. काका तिथे रोज सकाळी वाकून बघतात. मी गेले त्या दिवशी तिथे तीन पानांचा एक कोंब होता, आदल्या महिन्यातल्यापेक्षा बारीक. त्यांनी तो माझ्यासमोर छाटला, बादलीत टाकला आणि वहीत तारीख लिहिली.